‘ते माझ्या हातात नाही’ म्हणणारा नवरा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणारी ३९ वर्षांची आहे, नोकरी करते. घरात नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याची बढती हुकली. त्या सुमारास मोबाइलवर व्हिडिओ बघता बघता त्याला स्टोइक तत्त्वज्ञानाचा (आपल्या हातात नाही त्याचा त्रास करून घेऊ नये, असं शिकवणारा जुना ग्रीक-रोमन विचार) नाद लागला आणि मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटाचं ‘मेडिटेशन्स’ हे पुस्तक घरात आलं. आता तो पहाटे पाचला उठतो, गार पाण्याने अंघोळ करतो, वहीत काहीबाही उतरवतो. सुरुवातीला तिला बरं वाटलं, कारण त्याची चिडचिड खरोखर कमी झाली, गाडी चालवताना शिव्या बंद झाल्या. पण आता कशालाही एकच उत्तर येतं: ‘ते माझ्या हातात नाही.’ मुलाला सहामाहीत गणितात ८० पैकी ३१ मिळाले, तेव्हाही हेच. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा विम्याचे कागद, पैसे, रात्रीचं थांबणं सगळं त्याने केलं, ‘पण आईचा हात एकदाही हातात घेतला नाही.’ श्रावणात तिचे वडील गेले. तेरावं करून ती माहेरून परतली, ओट्याशी रडत उभी होती. तो म्हणाला, ‘जे होणारच होतं ते झालं, त्यावर आपला ताबा नाही,’ आणि आत जाऊन पुस्तक उघडून बसला. तिने त्याची वही चोरून चाळली. इंग्रजी सुविचार सापडले, घरातल्या कुणाबद्दल एक ओळ नाही.

ती विचारते: ‘तो राजा खरंच इतका कोरडा होता का? असेल तर ते पुस्तक मी माळ्यावर टाकते. नसेल तर ह्याला कुणीतरी सांगा.’ आणि खाली ता. क.: ‘चार वर्षांपूर्वी सासरे गेले तेव्हाही हा रडला नव्हता.’

प्रिय मैत्रिणी,

पुस्तक माळ्यावर टाकू नका. टाकलंत तरी दोन दिवसांत नवी प्रत दारात येईल. शिवाय तुमच्या बाजूने बोलणारा सगळ्यात मोठा साक्षीदार त्याच पुस्तकाचा लेखक आहे, त्याला माळ्यावर कशाला धाडायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तो कोरडा नव्हता.

मार्कसचा जन्म इ.स. १२१ मधला, रोममधला. तो अगदी लहान असताना वडील गेले, आजोबांनी वाढवलं. १३८ मध्ये आजारी हेड्रियन बादशहाने आपल्यामागची व्यवस्था लावताना अँटोनिनस पायसला दत्तक घेतलं आणि त्याला अट घातली की तू पुढे मार्कसला दत्तक घ्यायचं. असा हा पोर राजवाड्यात आला. त्याच काळातली एक हकीकत आहे. मार्कसला लहानपणापासून सांभाळणारा, शिकवणारा एक माणूस वारला आणि मार्कस रडायला लागला. राजवाड्यातले नोकर त्याला आवरायला धावले. भावी बादशहाने असं रडायचं असतं होय! तेव्हा अँटोनिनस त्यांना म्हणाला, ‘असू द्या त्याला माणूस. तत्त्वज्ञान असो की राज्य, त्याने माणसाच्या भावना जात नाहीत.’ ज्या जुन्या रोमन चरित्रात ही गोष्ट आहे, त्यातलं सगळंच डोळे मिटून मानावं असं नाही. पण मार्कसने आपल्या वहीत, म्हणजे ‘मेडिटेशन्स’मध्ये, या दत्तक वडिलांबद्दल जे पानभर लिहिलंय, त्याच्याशी हे वाक्य तंतोतंत जुळतं. मला मात्र या गोष्टीत बापलेकांपेक्षा ते नोकर जास्त ओळखीचे वाटतात. त्यांच्याकडे मी परत येणार आहे.

हे झालं तरुणपणाचं. म्हातारपणी माणूस घट्ट झाला असेल म्हणाल, तर १७८ च्या सुमारास आशिया मायनरमधलं स्मर्ना शहर भूकंपाने कोसळलं, तेव्हाची गोष्ट ऐका. एलियस अरिस्टायडिस नावाच्या वक्त्याने सम्राटाला पत्र लिहिलं. ‘या ओसाड नगरीवरून आता नुसते वारे वाहताहेत’ अशा अर्थाच्या ओळीपाशी मार्कसच्या डोळ्यातलं पाणी कागदावर पडलं, असं फिलोस्ट्रेटस हा जुना ग्रीक लेखक सांगतो. मग त्याने शहर पुन्हा उभारायला मदत मंजूर केली. आधी रडला, नंतर पैसे दिले. दोन्ही केलं.

आणि त्याची पत्रं! त्याचा भाषणकलेचा शिक्षक होता फ्रॉन्टो. या दोघांचा पत्रव्यवहार शतकानुशतकं हरवलेला होता. १८१५ मध्ये मिलानच्या एका ग्रंथालयात, जुनी अक्षरं खरवडून वर दुसराच मजकूर लिहिलेल्या चर्मपत्रांवर तो सापडला. त्यातलं एक पत्र मी माझ्या वाईट दिवसांत काढून वाचते. मार्कसला थोडी सर्दी झालीये. घसा बसलाय म्हणून मधाच्या पाण्याने गुळण्या केल्यात. दुपारच्या जेवणाला त्याच्या वाट्याला पावाचा तुकडा, आणि समोर बाकीचे शेंगा, कांदे आणि गाभोळीचे मासे हाणताहेत, तर हा त्यांच्याकडे बघतोय. मग द्राक्षांच्या तोडणीला जाऊन घाम गाळलाय, आरडाओरडा केलाय. घरी येऊन थोडा अभ्यास, पण जीव लागेना. शेवटी आई पलंगावर बसलीये आणि हा तिच्याशी गप्पा मारतोय: ‘माझा फ्रॉन्टो आत्ता काय करत असेल गं?’ त्यावर ती फ्रॉन्टोच्या बायकोचं नाव घेते, मग हा त्याच्या चिमण्या मुलीचं. कोण कुणावर जास्त प्रेम करतं यावर मायलेकांचा वाद रंगतो, तोच अंघोळीची घंटा होते. रात्री तेलघाण्याच्या खोलीत जेवण, आणि शेतावरच्या गड्यांची एकमेकांची टर उडवणं ऐकत बसणं. हाच मुलगा पुढे ‘मेडिटेशन्स’ लिहितो. तुमच्या नवऱ्याला पुस्तकाच्या जोडीला ही पत्रंही वाचायला द्या.

आता त्या पुस्तकाबद्दल, कारण तुमच्या घरातला घोळ इथेच आहे. ते पुस्तक म्हणून लिहिलेलंच नाही. मार्कस डॅन्यूब नदीकाठच्या छावण्यांत जर्मानिक टोळ्यांशी लढत होता, त्या काळातल्या या खाजगी नोंदी आहेत, ग्रीक भाषेत. एका भागाशी ‘क्वाडी लोकांत (त्यातलीच एक टोळी), ग्रान नदीकाठी’ अशी खूण आहे, दुसरीकडे ‘कार्नुन्टम’ या छावणीचं नाव. त्याने स्वतः काही नाव दिलं असेल असं दिसत नाही. हस्तलिखितात चालत आलेल्या नावाचा अर्थ ‘स्वतःला’ एवढाच. आपल्याकडे रामदासांनी मनालाच समोर बसवून समजूत घातली, तसाच काहीसा हा प्रकार. आणि समजूत कुणाची घालतात? जो ऐकत नाही त्याची. ‘रागावू नकोस’ असं ज्याला पुन्हापुन्हा लिहावं लागतं, त्याला राग येत असतो. मार्कसने तर कबूलच केलंय की रस्टिकस या आपल्या गुरूवर तो पुष्कळदा चिडायचा. नंतर पस्तावावं लागेल असं काही हातून झालं नाही, याबद्दल तो देवांचे आभार मानतो.

या वहीत मुलांबद्दल फार कमी आहे. त्याला आणि त्याची बायको फॉस्टिना हिला मिळून तेरा-चौदा मुलं झाली, त्यातली निम्म्याहून अधिक लहानपणीच गेली. मुलग्यांमधला एकटा कॉमोडस मोठा झाला. वहीत एके ठिकाणी तो स्वतःला बजावतो की दुसरा माणूस देवाकडे ‘माझं मूल जाऊ देऊ नकोस’ असं मागतो, तू ‘जाईल या भीतीतून मला सोडव’ असं माग. ही ओळ एखाद्या रीलवर, मागे संगीत आणि संगमरवरी पुतळ्याचा चेहरा लावून बघितली, तर बोलणारा दगडाचा वाटतो. मागची थडगी मोजून वाचली तर घशात आवंढा येतो.

तुमचा नवरा एक गोष्ट तुमच्यासमोर नक्की टाकेल, म्हणून आधीच सांगून ठेवते. १६९ मध्ये मार्कसचा सात वर्षांचा मुलगा अ‍ॅनियस व्हेरस कानाखालची गाठ कापल्यावर दगावला आणि मार्कसने पाचच दिवस शोक पाळला. हे खरं आहे. पण त्याच हकीकतीत पुढे लिहिलंय की ज्या वैद्यांच्या हातून मूल गेलं, त्यांचंही त्याने सांत्वन केलं. शोक लांबवला नाही त्यामागे सार्वजनिक उत्सव मोडू नये हाही विचार होता, आणि मुलाचे पुतळे बसवायला त्याने सांगितलं. स्वतःचं मूल गेलेलं असताना दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायला जो जातो, त्याच्या पाच दिवसांचा हिशोब ओट्याशी रडणाऱ्या बायकोपुढे मांडता येत नाही.

पहाटे पाचचंही सांगून टाकते, जरा गंमत म्हणून. पाचव्या भागाच्या सुरुवातीलाच मार्कस अंथरुणाशी भांडतोय. उठायला हवं, माणसाचं काम करायला उठायचंय, असं तो स्वतःला सांगतो, आणि त्याचंच मन उत्तर देतं, ‘पण इथे पांघरुणात किती बरं वाटतंय!’ साम्राज्याचा धनी, आणि पहाटे उठायची ही तऱ्हा. गार पाण्याच्या अंघोळीचा तर त्या वहीत आग्रहच नाही. उलट कॅशियस डिओ हा इतिहासकार लिहितो की मार्कसची प्रकृती नाजूक होती आणि सुरुवातीला त्याला थंडी अजिबात सोसत नसे. डिसेंबरात गीझर लावायचा असेल तर बादशहाची हरकत नाही, एवढं कळवा.

आता तुमच्या घरचं ते वाक्य: ‘ते माझ्या हातात नाही.’

हे मुळात मार्कसचं नाहीच, एपिक्टेटसचं आहे. एपिक्टेटस गुलाम म्हणून वाढलेला माणूस. सुटका झाल्यावर ग्रीसमधल्या निकोपोलिस गावी शाळा चालवायचा. त्याने स्वतः काही लिहिलं नाही, एरियन नावाच्या विद्यार्थ्याने टिपणं घेतली म्हणून आपल्याला तो कळतो. रस्टिकसने आपल्याकडची त्याची टिपणं मार्कसला वाचायला दिली आणि मार्कस त्याबद्दल जन्मभर ऋणी राहिला. एका गुलामाचं बोट धरून चालणारा सम्राट, ही मला या सगळ्या तत्त्वज्ञानातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. तर काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, इथून एपिक्टेटस सुरू होतो. पण तिथेच थांबत नाही.

त्याच्याकडे एकदा एक अधिकारी आला. बोलता बोलता सांगू लागला की मुलांच्या बाबतीत मी फार दुबळा आहे. परवा माझी लेक आजारी पडली, तिच्याजवळ बसणंच मला सहन होईना, मी घरातून निघून गेलो. ती बरी असल्याचा निरोप आला तेव्हाच परतलो. त्याला वाटलं आपल्या मायेचं हे लक्षण आहे, कुठलाही बाप असंच करेल. एपिक्टेटसने त्याला सोडला नाही. एकेक प्रश्न विचारत गेला. मुलीच्या आईचं तिच्यावर प्रेम आहे ना? मग तिनेही निघून जायला हवं होतं? दाईने? घरातल्या सगळ्यांनीच माया आहे म्हणून पळ काढायचा आणि पोरीने, ज्यांना तिच्याबद्दल काही वाटत नाही अशांच्या हातात मरायचं? तू आजारी असताना तुझ्यावर जीव लावणाऱ्यांनी असंच वागावं, असं तुला चालेल?

हे एरियनच्या टिपणांतल्या ‘संवादा’तलं (इंग्रजीत ‘डिस्कोर्सेस’) पहिल्या पुस्तकाचं अकरावं प्रकरण आहे. तुमच्या नवऱ्याने पुढच्या रविवारी हेच वाचावं असं माझं सांगणं आहे. तुम्ही सांगू नका, हा मजकूरच त्याच्यासमोर ठेवा. पत्र तुमचं आहे हे तो ओळखेल, ओळखू द्या.

कारण त्या दिवशी तुमच्या वडिलांचा मृत्यू त्याच्या हातात नव्हता, हे खरंच. पण ओट्यापासून तीन पावलं आत जायचं की तीन पावलं तुमच्याकडे यायचं, हे कुणाच्या हातात होतं? उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद करणं, पाठीवर हात ठेवणं, ‘बाबांची आठवण येतेय?’ एवढंच विचारणं, हे सगळं त्याच यादीतलं आहे जी तो रोज पहाटे वाचतो. फक्त यादीचा दुसरा अर्धा भाग. रीलवाले बहुधा पहिला अर्धाच दाखवतात. मार्कसचा तो प्रसिद्ध उतारा घ्या, की आज तुला आगाऊ, कृतघ्न, उद्धट माणसं भेटतील असं सकाळीच स्वतःला सांग. तो सगळीकडे सापडतो. त्याच उताऱ्यात पुढे काय आहे? हे लोक माझे नातलग आहेत, आम्ही एकमेकांसाठी जन्मलोय, दोन पाय, दोन हात, पापण्या, वरच्या आणि खालच्या दातांच्या ओळी जशा एकत्र काम करतात तसे. हे दात सहसा छाटलेले असतात.

स्टोइकांना निर्विकार व्हायचं असतं हे बरोबर. पण विकार म्हणजे त्यांच्या लेखी भीती, हाव, संताप, माणसाचं भान घालवणाऱ्या गोष्टी. माया त्या यादीत नाही. सेक्स्टस नावाच्या आपल्या एका शिक्षकाकडून काय शिकलो ते लिहिताना मार्कस म्हणतो: विकारांपासून पूर्ण मोकळा, आणि तरी मायेने ओथंबलेला. आणि फ्रॉन्टोकडून शिकलेल्या गोष्टींत एक ही आहे, की आपल्याकडचे खानदानी म्हणवणारे लोक मायेच्या बाबतीत बऱ्यापैकी कोरडे असतात! मायेसाठी तो जो ग्रीक शब्द वापरतो, तो घरच्या माणसांबद्दलच्या जिव्हाळ्याचा.

मार्कस म्हणजे देवमाणूस असं मला मुळीच सुचवायचं नाही. रोममध्ये त्याच्या युद्धांचा जो उंच स्तंभ आहे, त्यावर पेटवलेली गावं आणि ओढून नेलेल्या बायका कोरल्या आहेत. गुलामी त्याने मोडली नाही. १७७ मध्ये गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) लुग्डुनम इथे ख्रिस्ती लोकांचे हाल करून त्यांना मारलं, ते त्याच्याच राज्यात. तेव्हा ‘सम्राट असं म्हणतो’ हा घरातल्या वादाचा शेवट होऊ शकत नाही, तुमच्या बाजूनेही नाही आणि त्याच्याही.

पण एक बघा. त्याच्या राज्यात जे काही कोसळलं ते जवळजवळ सगळं त्याच्या हाताबाहेरचं होतं. १६१ मध्ये गादीवर आला, लवकरच टायबर नदीला मोठा पूर. पूर्वेकडे पार्थियाशी युद्ध. तिथून परतणाऱ्या फौजेबरोबर साथ आली, ती वर्षानुवर्षं माणसं नेत राहिली. मग उत्तरेच्या टोळ्या. खजिन्यात खडखडाट, तेव्हा लोकांवर नवा कर बसवण्याऐवजी त्याने राजवाड्यातल्या चिजांचा लिलाव मांडला. सोन्याचे पेले, दागिने, बायकोची जरीची रेशमी वस्त्रंसुद्धा. (फॉस्टिना यावर काय म्हणाली ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. ठेवायला हवं होतं.) आणि आयुष्याची शेवटची वर्षं त्याने बरीचशी त्या थंड सीमेवर काढली, १७ मार्च १८० ला तिकडेच गेला. हाताबाहेरच्या गोष्टींपुढे तो जाऊन उभा राहिला.

इथवर मी तुमच्या बाजूने बोलले. आता थोडं तुम्हाला विचारते.

तुम्ही सगळा दोष पुस्तकावर ठेवलाय. पण तुमच्या ताज्या कलमाने पत्राचा निकालच फिरवला. सासरे गेले तेव्हाही तो रडला नव्हता, आणि तेव्हा घरात ना मार्कस होता ना व्हिडिओ. कोरडेपणा आधीचा आहे. पुस्तकाने त्याला फक्त इज्जतदार नाव दिलं. इथे मला ते राजवाड्यातले नोकर आठवतात. रडणाऱ्या पोराला आवरायला धावणारी ती जमात आपल्याकडे घरोघरी असते: काका, मामा, शाळेतले सर, कधी आपणही. ‘मुलीसारखा काय रडतोस?’ तुमच्या नवऱ्याला दहाव्या वर्षी ते नोकर भेटले असणार. ‘असू द्या त्याला माणूस’ म्हणणारं कुणी भेटलं नाही. वडील गेले त्या दिवशी तोच घरातला कर्ता होता ना? पासाचे कागद, फोन, नातलगांच्या राहायची सोय. ऑपरेशनच्या वेळी जे केलं तेच.

त्या ऑपरेशनबद्दलही तुमच्या वाक्यात ‘पण’ कुठे आहे ते बघा. कागद केले, पैसे भरले, रात्र काढली, पण हात धरला नाही. दवाखान्यातल्या त्या कुशी बदलायलाही जागा नसलेल्या बाकावर रात्र काढणं ही काय शुष्क गोष्ट आहे? काही माणसांची माया पावत्यांच्या फाइलमध्ये लावलेली असते. मी त्याची सफाई देत नाहीये. ओट्यापाशी तो चुकलाच. पण त्याच्याकडे काही नाही असं धरून बोलायला गेलात तर तो पुस्तकात आणखी आत शिरेल.

वहीचंही तसंच. एक तर चोरून बघायला नको होती. मार्कसची वहीही त्याच्या मनाविरुद्धच आपल्या हातात आलीये म्हणा, पण तो निदान अठराशे वर्षांपूर्वी गेलाय. तुमचा नवरा बाजूच्या खोलीत झोपतो. दुसरं, त्या वहीत घरच्यांबद्दल काही नाही म्हणून त्याच्या मनातही नाही, हा निष्कर्ष घाईचा आहे. मार्कसने युद्धाच्या छावणीत बसून बारा भाग लिहिले, त्यात युद्ध शोधावं लागतं. साथीचा उल्लेख ओझरता. तीस वर्षं संसार केलेल्या फॉस्टिनाच्या वाट्याला एक ओळ, की अशी आज्ञाधारक, प्रेमळ आणि साधी बायको मिळाली. आपल्याला राग येईल अशीच ओळ आहे! पण ती प्रवासात वारली तेव्हा त्या गावाला त्याने तिचं नाव दिलं.

मग करायचं काय?

भरल्या डोळ्यांनी, ऐन प्रसंगात त्याच्याशी वाद घालू नका आणि सुविचाराला सुविचाराने उत्तर देऊ नका, त्यात तो तुमच्यापेक्षा तयारीचा आहे. साध्या वेळी, गाडीत किंवा भाजी निवडताना सांगा. ‘तू बदललास’ असं नको, नेमकं सांगा. ‘मी रडत असेन तेव्हा मला उत्तर नकोय. पाच मिनिटं जवळ उभा राहा. बोललास नाहीस तरी चालेल.’ अशा माणसांना काम दिलेलं कळतं. भावना व्यक्त कर म्हटलं की गांगरतात, पाच मिनिटं उभा राहा म्हटलं की उभे राहतात. पहिल्यांदा घड्याळ बघेल. हसू नका.

दुसरं, जरा वेळ मागणारं. ‘मेडिटेशन्स’चा पहिला भाग लोक सोडून देतात, कारण त्यात सुविचार कमी. त्यात फक्त सतरा नोंदी आहेत, कुणाकडून काय मिळालं त्याच्या. सुरुवात आजोबांपासून. मग वडील, जे त्याला धड आठवतही नव्हते. ‘त्यांच्याबद्दल जे ऐकलं आणि जे आठवतं त्यावरून’ असं लिहून तो विनय आणि पुरुषार्थ असे दोनच शब्द ठेवतो. मग आई. एखाद्या रविवारी दोघं एकेक कोरा कागद घेऊन बसा आणि हेच करा. त्याने त्याच्या वडिलांबद्दल लिहायचं, तुम्ही तुमच्या. त्याच्याच पुस्तकातला प्रयोग आहे म्हटल्यावर नाही म्हणणार नाही. तीनच ओळी लिहील कदाचित. चार वर्षं न बोललेल्या माणसाकडून तीन ओळी पुष्कळ झाल्या. दहावीतल्यालाही बसवा, तो आजीबद्दल लिहील किंवा कुठल्या बॉलरबद्दल, काहीही चालेल.

मुलाच्या गणिताबाबत मात्र मी कडक आहे. बोर्डाचा निकाल बापाच्या हातात नाही, कबूल. रात्री साडेआठ ते नऊ त्याच्या शेजारी वही घेऊन बसणं आहे. मार्कसने कॉमोडसला उत्तमातले उत्तम शिक्षक लावले आणि तरी तो वाईट राजा निघाला. त्याचा दोष बापावर किती, यावर वाद घालायला इतिहासकार आहेत. पण शिक्षक लावायचेच नाहीत, असं मार्कसने केलं नाही. आणि पोरगा रोज ऐकतोय, हे विसरू नका. ‘माझ्या हातात नाही’ हे वाक्य उद्या तो गणिताच्या सरांना ऐकवेल.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा, हे अशा इतर घरांसाठीही लिहिते. शांत होणं आणि विझणं बाहेरून सारखंच दिसतं. माणूस नीट झोपतो, जेवतो, मित्रांत हसतो आणि फक्त रडत नाही, तर धीर धरा. पण झोप उडालीये, जेवण तुटलंय, आवडीच्या गोष्टीही सुटल्यात, ‘कशालाच अर्थ नाही’ असं बोलणं येतंय, तर ते तत्त्वज्ञान नव्हे, दुखणं आहे, आणि त्याला डॉक्टर किंवा समुपदेशक लागतो. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ वर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तो ‘मला गरज नाही’ म्हणाला तर ‘मेडिटेशन्स’च्या सातव्या भागातली सातवी नोंद दाखवा: मदत घ्यायची लाज धरू नकोस. तटावर चढणाऱ्या सैनिकासारखं तुला तुझं काम करायचंय. पाय अधू असेल, एकट्याने चढवत नसेल आणि दुसऱ्याच्या आधाराने जमत असेल, तर काय करशील?

शेवटचं तुमच्याबद्दल. एवढ्या मोठ्या पत्रात तुमच्या वडिलांबद्दल तीनच शब्द आहेत: श्रावणात वडील गेले. बाकी सगळं नवरा. त्याचा कोरडेपणा मोजता मोजता तुमचं रडणं ओट्यापाशीच राहून गेलं. सगळं दुःख एकाच माणसाने समजून घ्यावं ही अपेक्षाही थोडी सैल करा. भावंडं असतील, वडिलांना ओळखणारी मैत्रीण असेल, माहेरच्या गल्लीतलं कुणी असेल. त्यांना फोन करा आणि मनसोक्त बोला. सासूबाईंनीही नवरा गमावलाय चार वर्षांपूर्वी. त्यांच्याजवळ बसून बघा, गुडघ्याला तेल लावायच्या निमित्ताने.

रविवारच्या कागदावर तुमची पहिली नोंद वडिलांची असेल. त्यांनी तुम्हाला काय दिलं, सायकल शिकवली, हिशोब शिकवला की नुसतीच खोटं बोलायची लाज दिली, ते मला कळवलं नाहीत तरी चालेल. नवऱ्याला मात्र वाचून दाखवा, ओट्याशी उभं राहूनच. त्याची पाच मिनिटं तेव्हा वसूल करा.